सेंद्रिय त्वचानिगा : वावरापासून बाटलीपर्यंत

रासायनिक खते, कृत्रिम कीटकनाशके आणि जनुकीय बदल केलेले बियाणे न वापरता पिकवलेल्या वनस्पतींपासून जी तेले, साबण, मलमे, क्रीम, लेप आणि उटणी तयार होतात, त्यांना सेंद्रिय त्वचानिगा उत्पादने म्हणतात. त्यांना लागणारा बराचसा कच्चा माल अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्याच्या परिसरात मिळतो. अकोटच्या उत्तरेला नरनाळा किल्ला आणि मेळघाटचे जंगल आहे, दक्षिणेला पूर्णा नदीचे काळ्या मातीचे खोरे. या पट्ट्यात कापूस, तूर आणि हरभऱ्याच्या जोडीने तीळ, जवस, करडी यांसारखी तेलबियांची पिके घेतली जात आली आहेत. संत्रा आणि केळीच्या बागा आहेत, बांधावर कडुनिंब आणि करंज आहेत, डोंगरात मोह, आवळा, हिरडा, बेहडा आणि मध आहे.

अशा मालापासून बनलेल्या वस्तू आता गावच्या जत्रेपासून शहरातल्या मॉलपर्यंत सगळीकडे विकल्या जातात. त्यांवर ‘शुद्ध’, ‘हर्बल’, ‘केमिकल फ्री’ असे शिक्के असतात आणि त्यांची किंमतही साध्या उत्पादनापेक्षा जास्त असते. त्यामुळे या वस्तू नेमक्या काय आहेत, त्यांचा फायदा कोणाला आणि किती होतो, आणि विकत घेताना काय पाहावे, हे ग्राहकाला ठाऊक असणे गरजेचे आहे.

त्वचेला लागते काय

त्वचेचा सर्वांत वरचा थर कागदापेक्षाही पातळ असतो. त्यात मृत पेशी विटांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्या फटी स्निग्ध पदार्थांच्या गिलाव्याने भरलेल्या असतात. हा गिलावा मुख्यतः सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांचा बनलेला असतो. तो आतले पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचे जंतू, धूळ व क्षार आत येऊ देत नाही. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू साधारण साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान राहतो. साबणाचा सामू मात्र नऊ ते दहाच्या आसपास असतो. म्हणूनच साबणाचा अतिवापर झाला की त्वचा ओढल्यासारखी वाटते, पांढरी पडते आणि खाजते.

वऱ्हाडात या थरावर दुहेरी ताण येतो. उन्हाळ्यात अकोला जिल्ह्याचे तापमान ४५ अंशांच्या घरात जाते आणि हवा अतिशय कोरडी असते. हिवाळ्यातही कोरडे वारे वाहतात. त्यात पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यातले भूजल क्षारयुक्त आहे. खाऱ्या आणि जड पाण्यात साबणाचा फेस नीट होत नाही, माणूस साबण अधिक चोळतो आणि त्याचा चिकट थर अंगावर राहतो. या भागातल्या लोकांची त्वचेविषयीची पहिली गरज म्हणूनच स्निग्धतेची आहे. वरच्या थरातला गिलावा टिकवायचा, झिजला असेल तर भरून काढायचा आणि त्याला कमीत कमी खरवडायचे, एवढ्यात त्वचानिगेचे बहुतेक सार येते.

चार शिक्के, चार अर्थ

बाजारात सेंद्रिय, नैसर्गिक, हर्बल आणि आयुर्वेदिक हे शब्द सरमिसळ वापरले जातात. त्यांच्यामागची व्यवस्था मात्र वेगवेगळी आहे.

सेंद्रिय हा दर्जा शेतातल्या पद्धतीवरून ठरतो. भारतात २००१ पासून राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम सुरू आहे. अपेडा ही केंद्र सरकारची संस्था त्याचे काम पाहते. या कार्यक्रमानुसार हंगामी पिकांच्या जमिनीला पेरणीपूर्वी दोन वर्षे आणि फळबागांना पहिल्या सेंद्रिय तोडणीपूर्वी तीन वर्षे रसायनमुक्त ठेवावे लागते. मान्यताप्राप्त संस्था शेताची तपासणी करते, नोंदवह्या पाहते आणि मगच प्रमाणपत्र देते. लहान शेतकऱ्यांसाठी गटाने एकमेकांची तपासणी करण्याची पीजीएस-इंडिया ही दुसरी पद्धत आहे. जंगलातून गोळा केलेल्या मालालाही प्रमाणपत्र मिळू शकते, पण त्यासाठी ठरलेले वनक्षेत्र आणि शाश्वत तोडणीची नोंद लागते.

ही प्रमाणपत्रे प्रामुख्याने शेतमालासाठी आहेत. सौंदर्यप्रसाधनांचे नियमन १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम यांखाली होते. त्या नियमांचा भर सुरक्षितता, परवाना आणि लेबल यांवर आहे. कच्चा माल कसा पिकला, हे ते पाहत नाहीत. क्रीम किंवा साबण सेंद्रिय आहे असे प्रमाणित करायचे असेल, तर उत्पादक बहुतेक वेळा युरोपातल्या खासगी मानकांकडे वळतात. ‘कॉसमॉस’ हे त्यांपैकी प्रमुख मानक २०१० मध्ये ठरले. केवळ दळणे, पिळणे, वाळवणे अशा भौतिक प्रक्रिया झालेल्या वनस्पतिजन्य घटकांपैकी किमान ९५ टक्के सेंद्रिय असावेत, अशी त्याची अट आहे. संपूर्ण उत्पादनात मात्र सेंद्रिय भाग किमान २० टक्के असला तरी चालतो आणि धुऊन टाकायच्या उत्पादनांत १० टक्के पुरतो. पाणी आणि खनिजे शेतात पिकत नाहीत, त्यामुळे ती सेंद्रिय ठरू शकत नाहीत, हे त्यामागचे कारण. लोशनमध्ये निम्म्याहून अधिक पाणी असणे ही सामान्य बाब आहे. तेव्हा प्रमाणित सेंद्रिय लोशन म्हणजे शंभर टक्के सेंद्रिय वस्तू, असा समज करून घेऊ नये.

नैसर्गिक आणि हर्बल या शब्दांमागे अशी तपासणी असतेच असे नाही. चिमूटभर कोरफडीचा अर्क घातलेला शाम्पूही हर्बल म्हणून विकला जातो. आयुर्वेदिक उत्पादनाला मात्र वेगळा परवाना लागतो आणि त्यातले घटक आयुर्वेदाच्या मान्य ग्रंथांशी जोडलेले असावे लागतात. तरीही आयुर्वेदिक तेलातले तीळ सेंद्रिय पद्धतीने पिकलेले असतीलच, याची हमी त्या परवान्यातून मिळत नाही.

‘केमिकल फ्री’ हा शिक्का तर शास्त्राच्या कसोटीवर टिकतच नाही. पाणीही रसायन आहे आणि हळदीतले कर्क्युमिनही. घरी बनवलेला, हाताने कापलेला, शेळीच्या दुधाचा असा कोणताही साबण तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या अभिक्रियेशिवाय होत नाही. साबण नीट मुरला की सोडा संपतो आणि साबण व ग्लिसरीन उरते.

वऱ्हाडच्या मातीतला कच्चा माल

त्वचेच्या दृष्टीने या भागातले सर्वांत मोलाचे तेल करडीचे आहे. त्यात लिनोलेइक आम्लाचे प्रमाण साधारण तीन-चतुर्थांश असते. शरीर हे मेदाम्ल स्वतः तयार करू शकत नाही आणि त्वचेच्या वरच्या थरातला गिलावा घडवायला तेच लागते. करडीचे तेल हलके असते, अंगाला लगेच भिनते आणि चिकट राहत नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने करडीच्या वाणांवर दीर्घकाळ काम केले आहे.

तिळाच्या तेलात लिनोलेइक आणि ओलेइक ही दोन्ही मेदाम्ले जवळपास सारख्या प्रमाणात असतात. सेसामीन, सेसामोल यांसारखे घटक त्याला लवकर खवट होऊ देत नाहीत. अभ्यंगासाठी तिळाच्या तेलाला पहिला मान मिळाला, त्यामागे हे टिकाऊपणही आहे. जवसाचे तेल वऱ्हाडाच्या स्वयंपाकघरात पूर्वापार आहे. त्याचा अर्ध्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. हे मेदाम्ल हवा आणि उष्णता लागताच बिघडते. म्हणून जवसाचे तेल ताजे, थोड्या प्रमाणात आणि गडद बाटलीत ठेवूनच वापरावे. खवट वास आलेले तेल त्वचेला त्रास देते.

अकोट ही कापसाची मोठी बाजारपेठ. सरकीच्या तेलातही निम्म्याच्या आसपास लिनोलेइक आम्ल असते, शिवाय ई जीवनसत्त्व असते. पण सेंद्रिय सरकी तेल इथे सहज मिळणार नाही. भारतात २००२ मध्ये जनुकीय बदल केलेल्या बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि आज महाराष्ट्रातला बहुतेक कापूस बीटी आहे. सेंद्रिय मानकांना जनुकीय बदल केलेले बियाणे चालत नाही. शिवाय कच्च्या सरकी तेलात गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते आणि ते शुद्धीकरणाने काढावे लागते. शिवारभर पऱ्हाटी उभी असली तरी सेंद्रिय सरकी तेलासाठी देशी किंवा बिगर-बीटी वाणाची प्रमाणित शेती शोधावी लागते.

मेळघाटच्या बाजूला मोहाच्या बियांचे तेल मिळते. थंडीत ते तुपासारखे थिजते. त्यात ओलेइक, स्टिअरिक आणि पामिटिक आम्ले असल्याने ते भेगाळलेल्या टाचांना आणि रखरखीत हातापायांना चांगले लागू पडते. साबणासाठीही ते उत्तम आहे. आग्यामाशीच्या पोळ्यातले मेण ओठांच्या आणि टाचांच्या मलमांना घट्टपणा देते. कडुनिंब आणि करंज यांची तेले जंतू आणि बुरशी यांना आवर घालतात, पण ती उग्र असतात. ती दुसऱ्या तेलात थोड्या प्रमाणात मिसळूनच लावावीत. कडुनिंबाचे तेल तान्ह्या बाळाच्या पोटात जाऊ देऊ नये, त्यातून गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत.

कोरफडीचा गर जवळजवळ सगळा पाण्याचाच असतो. तो उन्हाने तापलेल्या त्वचेला गारवा देतो. पान कापल्यावर सालीलगत निघणारा पिवळा चीक मात्र त्वचेला झोंबतो, म्हणून पान उभे ठेवून तो निथळू द्यावा आणि गर धुऊन घ्यावा. संत्र्याच्या वाळवलेल्या सालीचे चूर्ण, आंबेहळद, नागरमोथा, वाळा आणि डाळीचे पीठ यांचे उटणे दिवाळीत घरोघरी लागते. डाळीचे पीठ तेल शोषून घेते आणि अंग स्वच्छ करते. त्यात साबणासारखा तीव्र अल्कलीपणा नसतो.

घाणा आणि तेलाचा दर्जा

शेतातल्या पद्धतीइतकेच महत्त्व तेल काढण्याच्या पद्धतीला आहे. मोठ्या कारखान्यात बिया तापवून दाबल्या जातात आणि उरलेले तेल हेक्झेनसारख्या द्रावकाने ओढून घेतले जाते. नंतर ते धुऊन, रंग उडवून, वास काढून शुद्ध केले जाते. असे तेल टिकाऊ असते, पण त्यातले ई जीवनसत्त्व आणि इतर सूक्ष्म घटक कमी होतात. घाणीच्या तेलात हे घटक अधिक राहतात. मात्र या तेलात गाळ आणि ओल राहिली तर ते लवकर खराब होते.

विदर्भाला घाणीच्या कामाचा मोठा वारसा आहे. १९३४ मध्ये महात्मा गांधींच्या प्रेरणेने वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. तिथल्या मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी बैलघाणीत सुधारणा करून अधिक तेल देणारी घाणी तयार केली. वर्ध्याची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आजही वनौषधी आणि जैवप्रक्रिया यांवर काम करते आणि लहान उद्योजकांना प्रशिक्षण देते. अकोटच्या एखाद्या बचत गटाला साबण किंवा तेलाचा उद्योग उभा करायचा असेल, तर तंत्र शिकण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही.

फायदा नेमका कोणाला

वनस्पती तेलांचा त्वचेला होणारा फायदा प्रयोगांनी तपासलेला आहे. फिलिपिन्समध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कोरड्या त्वचेच्या रुग्णांना खोबरेल आणि खनिज तेल लावून पाहिले गेले. दोन्हींनी ओलावा सारखाच सुधारला. २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ढाक्याच्या अभ्यासात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचे तेल लावल्यावर रुग्णालयात होणारे संसर्ग सुमारे ४० टक्क्यांनी घटले. २०१३ च्या एका ब्रिटिश अभ्यासात ऑलिव्ह तेलाने प्रौढांच्या त्वचेचा वरचा थर कमकुवत केला, तर सूर्यफुलाच्या तेलाने तो टिकवला. करडीच्या तेलाची रचना सूर्यफुलाच्या तेलाला जवळची आहे. मोहरीच्या तेलाने त्वचेचा थर भरून यायला उशीर होतो, असे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. त्यामुळे तान्ह्या बाळाच्या मालिशसाठी ते टाळलेले बरे.

या अभ्यासांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, वनस्पती तेले त्वचेला खरोखर उपयोगी आहेत, पण सगळी सारखी नाहीत. दुसरी, हा उपयोग तेलातल्या मेदाम्लांमुळे होतो. तीच करडी रासायनिक खतावर वाढली तरी तिच्या तेलात लिनोलेइक आम्ल असतेच. सेंद्रिय करडीचे तेल सुरकुत्या अधिक घालवते किंवा रंग अधिक उजळवते, असा दावा करण्याजोगा आधार नाही.

सेंद्रिय पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा शेतात होतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ आणि शेजारच्या जिल्ह्यांत कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने रुग्णालयात गेले, अनेकांचा जीव गेला. कीटकनाशक सर्वांत आधी लागते ते फवारणाऱ्याच्या कातडीला. सेंद्रिय शेतीत हा धोका उरत नाही. जमिनीतले जीव टिकतात, मधमाश्या टिकतात आणि विहिरीत विष उतरत नाही. राज्य सरकारने २०१८ मध्ये अकोल्यात मुख्यालय ठेवून डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने जैविक शेती मिशन सुरू केले. त्याची सुरुवात विदर्भातल्या शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपासून झाली. नैसर्गिक शेतीसाठी २०१६ मध्ये पद्मश्री मिळालेले सुभाष पाळेकर हेही विदर्भातल्याच अमरावती जिल्ह्यातले. सेंद्रिय तेलासाठी ग्राहक जे जास्तीचे पैसे मोजतो, ते शेतकऱ्यापर्यंत पोचले तर त्यांतून माती आणि माणूस दोन्ही वाचतात. कृत्रिम सुगंध आणि रंग कमी असल्यामुळे संवेदनशील त्वचेला होणारा त्रास घटू शकतो, हा ग्राहकाचा लाभ त्यानंतर येतो.

निसर्गातले सगळेच सौम्य नसते

वऱ्हाडात बिब्बा सगळ्यांना माहीत आहे. डिंकाच्या लाडवात त्याची गोडंबी लागते. त्याच्या टरफलातले काळे तेल मात्र त्वचेवर लागले तर फोड येतात, कातडी जळते आणि डाग वर्षानुवर्षे राहतो. बिब्बा शंभर टक्के नैसर्गिक आहे, जंगलातला आहे, कोणत्याही खताशिवाय वाढलेला आहे. सेंद्रिय असणे आणि निरुपद्रवी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे याहून ठसठशीत उदाहरण नाही.

लिंबाचा रस चेहऱ्यावर चोळून उन्हात गेल्यास त्यातल्या फ्युरानोकौमारिन द्रव्यांमुळे त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे पट्टे उमटतात. बावचीच्या बियांत सोरालेन असते. कोडावरच्या उपचारात त्याचा वापर होतो, तोही ऊन मोजून. काही उटण्यांत बावची घातली जाते. असे उटणे लावल्यावर त्वचेला कडक ऊन लागू देऊ नये. संत्र्याच्या सालीच्या सुगंधी तेलात लिमोनीन ९० टक्क्यांच्या आसपास असते. बाटली वारंवार उघडल्याने त्याचा हवेशी संयोग झाला की त्यातून ॲलर्जी आणणारी द्रव्ये तयार होतात. अशा सुगंधी घटकांची नावे लेबलवर लिहिणे युरोपात बंधनकारक आहे.

शेतात राबणाऱ्यांसाठी आणखी एक सावधगिरी आहे. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत आज वऱ्हाडाच्या बांधाबांधावर आहे. त्याची ॲलर्जी असलेल्यांना त्याच कुळातल्या झेंडू, कॅमोमाइल, अर्निका यांच्या अर्काचाही त्रास होऊ शकतो. शुद्ध मेंदीचा रंग केशरी-तपकिरी येतो. झटपट काळा रंग देणाऱ्या ‘हर्बल’ मेंदीत बहुधा पीपीडी हे तीव्र ॲलर्जीकारक रसायन असते.

टिकाऊपणाचाही प्रश्न आहे. निव्वळ तेलात जंतू वाढत नाहीत. पाणी असलेल्या क्रीम, लोशन, जेल, गुलाबपाणी यांत मात्र संरक्षक द्रव्य नसेल, तर काही दिवसांत बुरशी आणि जिवाणू वाढतात. सेंद्रिय मानकेही सोडियम बेंझोएट, पोटॅशियम सॉर्बेट अशी ठराविक संरक्षके चालवून घेतात. पाण्याचे क्रीम ‘प्रिझर्व्हेटिव्ह अजिबात नाही’ म्हणून वर्षभर टिकत असेल, तर शंका घ्यावी. उन्हापासून संरक्षणासाठी कोणत्याही घरगुती तेलावर विसंबू नये. त्यासाठी झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन, डोक्यावर दुपट्टा आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे हेच उपाय खात्रीचे आहेत.

गोरेपणाच्या क्रीमचा धोका

२०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच कुटुंबातील तीन महिलांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचे वृत्त आले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासणीत तिचा संबंध त्या वापरत असलेल्या त्वचा उजळवणाऱ्या क्रीममधल्या पाऱ्याशी जोडला गेला. केरळमधल्या डॉक्टरांनीही गोरेपणाची क्रीम आणि मूत्रपिंडाचा आजार यांचा असाच संबंध नोंदवला आहे. पारा त्वचेतला रंग तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून रंग थोड्याच दिवसांत उजळतो. पण तो त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडाची चाळणी निकामी करतो. भारतीय नियमांनुसार सौंदर्यप्रसाधनांत पारा घालण्यास बंदी आहे. अनवधानाने राहिलेला अंशही दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही, फक्त डोळ्यांच्या प्रसाधनांना वेगळी मर्यादा आहे.

स्टिरॉइडची मलमे हा दुसरा धोका. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांनी चेहरा काही दिवस उजळ दिसतो. मग त्वचा पातळ होते, लाल पडते, केस आणि मुरुमे येतात आणि मलम सोडले की दाह उसळतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. आठवडा-पंधरा दिवसांत रंग पालटणारे कोणतेही क्रीम, त्यावर पानाफुलांची कितीही चित्रे असली तरी, संशयास्पद मानावे. वनस्पतींमध्ये इतक्या वेगाने रंग बदलण्याची ताकद नसते.

विकत घेताना

लेबलवर उत्पादकाचे नाव व पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि वापराची मुदत असलीच पाहिजे. घटकांची यादी जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे लिहिलेली असते. एक टक्क्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने येतात. त्यामुळे बाटलीवर कोरफड मोठ्या अक्षरांत असेल आणि यादीत ती शेवटी असेल, तर तिचे प्रमाण नगण्य समजावे. यादीत वनस्पतींची शास्त्रीय नावे असतात. कोरफड ‘अ‍ॅलो बार्बाडेन्सिस’, करडी ‘कार्थेमस टिंक्टोरिअस’, तीळ ‘सेसॅमम इंडिकम’, कडुनिंब ‘अझाडिरेक्टा इंडिका’, खोबरेल ‘कोकोस न्युसिफेरा’ आणि पाणी ‘अ‍ॅक्वा’ म्हणून दिसते.

सेंद्रिय असल्याचा दावा असेल तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे नाव आणि क्रमांक शोधावा. साबणाच्या वेष्टनावर टीएफएम म्हणजे एकूण मेदाचे प्रमाण छापलेले असते. भारतीय मानकांनुसार पहिल्या प्रतीच्या अंगाच्या साबणात ते किमान ७६ टक्के असते, तर ‘बेदिंग बार’मध्ये ४० टक्केही चालते. नवे उत्पादन पूर्ण चेहऱ्याला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून दोन दिवस वाट पाहावी. लाली किंवा खाज आली तर ते वापरू नये.

वऱ्हाडच्या हवेत उन्हाळ्यात तेले आणि मलमे पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीत ठेवू नयेत. आंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात करावी, साबण काख, जांघा आणि पाय यांपुरता वापरावा आणि अंग ओलसर असतानाच तेलाचा पातळ हात फिरवावा. खाऱ्या पाण्याच्या गावात शेवटचा तांब्या गोड्या पाण्याचा घेतला तर त्वचेवर क्षार राहत नाहीत. मुरुमे असलेल्या चेहऱ्याला खोबरेल किंवा जड तेले लावू नयेत. इसब, कोड, सोरायसिस, नायटा यांवर सेंद्रिय प्रसाधन हा उपचार नाही, त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञाकडेच जावे.

विकणाऱ्यांनीही नियम पाळले पाहिजेत. घरी बनवलेला साबण किंवा उटणे सौंदर्यप्रसाधन म्हणून विकायचे असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. स्वतःची इमारत नसेल तर परवानाधारक कारखान्यात ‘लोन लायसन्स’वर माल तयार करता येतो. मेळघाटातल्या गावांना २००६ च्या वनहक्क कायद्यामुळे गौण वनोपजांवर सामूहिक हक्क मिळू शकतात. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरने तो हक्क मिळवून जंगल राखले आणि वनोपजांतून उत्पन्नही मिळवले. करडी पिकवणारा शेतकरी, मोहाच्या बिया वेचणारे कोरकू कुटुंब, तेल काढणारा घाणीवाला आणि साबण बनवणारा बचत गट यांनी प्रमाणपत्र आणि परवाना या दोन्ही बाजू पक्क्या केल्या, तर अकोटच्या मालाला खरी किंमत मिळेल. ग्राहकाने सेंद्रिय माल माती आणि शेतकरी राखण्यासाठी जरूर घ्यावा. अंगाला काय लावायचे, ते मात्र बाटलीमागची यादी वाचूनच ठरवावे.